घोट मोजून पाणी

"मला नको चहा, आत्ताच झाला," सूनबाई म्हणाल्या. सासूबाई स्वयंपाकघरातूनच ओरडल्या, "कुठे झाला गं? सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाहीस!" माझ्यापुढे शेव-जिरावण घातलेल्या पोह्यांची बशी होती आणि खाटेशेजारच्या स्टुलावर झाकलेला तांब्या. भांडं उचलून पाहिलं, तर तांब्या काठोकाठ भरलेला.

इंदूरच्या रामबागेतलं हे घर. ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलं आहे. माझी तिसरी भेट होती. आधीच्या दोन भेटींनंतर मी वहीत लिहून ठेवलं होतं : मन खचलेलं, बोलत नाहीत, खाण्यापिण्यावर वासना नाही. तांब्या पाहिला आणि ती ओळ मला टोचायला लागली.

बाई तिशीतल्या. गच्चीवर पापड वाळत घालताना, कठडा नव्हता त्या बाजूने खाली पडल्या. कमरेच्या वरचा मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली. ऑपरेशन झालं, पण पाय हलले नाहीत आणि लघवीची जाणीवही गेली. दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढायची, हे दवाखान्यात नीट शिकवलं होतं. पण शिकवलं कुणाला, तर सासूबाईंना! बाईंचे दोन्ही हात धडधाकट असताना.

सासूबाई आत गेल्यावर मी एवढंच विचारलं, "पाणी का पीत नाही?"

"प्यायलं की आईंना उठावं लागतं. रात्री दोनला उठतात, गुडघे धरून. आणि ताई..." त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "रोज पाच-पाच वेळा सासूसमोर असं पडून राहायचं. आता जन्मभर हेच का?"

हा प्रश्न मी अनेक बायकांकडून ऐकला आहे. डॉक्टरांना त्या विचारतात, "मी चालेन का?" मला विचारतात, "माझं कोण करणार?" पाणी तोडलं की लघवी गढूळ होते, जंतुसंसर्ग होतो, ताप चढतो. या बाईंना दोनदा चढून गेला होता. घरात समजूत अशी, की अशक्तपणाचा ताप आहे.

फिजिओथेरपिस्ट आणि नर्स, दोघींना घेऊन आम्ही नव्याने सुरुवात केली. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पण तो आपला आपल्याला दिसत नाही, म्हणून सुरुवातीला आरसा लागतो. सासूबाईंना ते रुचेना. "अगं बाई, तिथे आरसा?" दुसऱ्या दिवशी मात्र आपल्या फणेरपेटीतला आरसा त्यांनीच काढून दिला. घरात निर्जंतुक कसं राखायचं, ही बाईंची भीती. त्यावर नर्सने सांगितलं, की साबणाने स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. जॅक लॅपिडीस या अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञाने १९७२ मध्येच ही पद्धत मांडली होती. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी, तेही थोडं थोडं करून, आणि एका वेळी निघणारी लघवी चारशे-पाचशे मिलीलिटरच्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणून सोबत मोजपात्र. पहिल्या आठवड्यात तीनदा गादी भिजली, एकदा रडारड झाली. पंधरा-वीस दिवसांत आरसा पेटीत परत गेला, कारण बोटांना जागा कळू लागली होती.

हात मोकळे झाले तसे प्रश्नही मोकळे झाले. पाळी? अपघातानंतर ती काही महिने बंद राहू शकते, मग बहुधा परत येते. यांची पाचव्या महिन्यात आली, पण जाणीव नसल्याने चादरीवरचा डाग दिसला तेव्हा कळली. "काहीतरी फाटलं आत" असं वाटून त्या रात्रभर जाग्या होत्या! आधी कुणी दोन वाक्यं बोललं असतं तर ती रात्र टळली असती. ओलं किंवा चुरगळलेलं पॅड तसंच राहिलं तर कातडीला जखम होते, म्हणून नळीच्या वेळेलाच पॅडही बघायचं. मूल होऊ शकतं. म्हणून नको असेल तर काळजी हवी. पण गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, पाय हलत नसले की रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो. नवरा दुसऱ्या खोलीत झोपायचा, आपल्यामुळे हिला दुखापत होईल या धास्तीने. त्यांच्याशी वेगळं बोलावं लागलं.

परवा गेले तेव्हा घरात जोरात वाद चालू होता. व्हीलचेअर आत जावी म्हणून न्हाणीघराचं दार काढून पडदा लावलेला. आता सुतार आला होता, दार बाहेर उघडणारं करायचं ठरलं होतं. अडलं होतं कडीवर.

"आतून कडी कशाला? पडलीस बिडलीस तर?"

"आई, कडी हवी."

शेवटी सुतारानेच तोड काढली, बाहेरून नाण्याने फिरवून उघडेल अशी कडी. ती कुठल्या उंचीवर बसवायची, हे बाई खुर्चीत बसून हात लांब करून दाखवत होत्या आणि सासूबाई पेन्सिलीने खूण करत होत्या.