‘माझा गाव’ चूक आहे काय?

फोंडा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकते. ‘माझ्या गावातील आवडत्या व नावडत्या गोष्टी’ या विषयावर तिने निबंध लिहिला. त्यातली तीन वाक्ये ताईंनी जशीच्या तशी उतरवून पाठवली आहेत : ‘माझा गाव लहान आहे. कुणावर संकट आले तर सगळा गाव धावून येतो. पण गाव सगळ्यांच्या घरात डोकावतो, ते मला आवडत नाही.’ वहीत ‘माझा’चे ‘माझे’ झाले, ‘सगळा’चे ‘सगळे’ झाले, ‘धावून येतो’चे ‘धावून येते’ झाले आणि समासात तांबड्या शाईने ‘कोकणीचा प्रभाव’ असा शेरा आला. मुलगी हिरमुसली. ताई विचारतात की, ‘गाव’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगीच आहे का, आणि ‘माझा गाव’ हे आम्हा गोवेकरांचे चुकीचे मराठी आहे का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मराठीत ‘गाव’ हा शब्द पुल्लिंगीही आहे आणि नपुंसकलिंगीही आहे, आणि दोन्ही रूपे शिष्टसंमत आहेत. महाराष्ट्र शासनाने ग्रामपंचायतींच्या विकास आराखड्यांसाठी जी मोहीम चालवली तिचे नाव ‘आमचा गाव, आमचा विकास’ असे आहे. ते नाव ठरवणाऱ्यांवर कोकणीचा प्रभाव पडला होता असे कुणी म्हणणार नाही. मालवणपासून थेट घाटमाथ्यावरच्या खेड्यांपर्यंत ‘आमचा गाव’ म्हणणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

मग हा घोळ सहसा ध्यानात का येत नाही? त्याचे कारण असे की या शब्दाचे लिंग बहुतेक वाक्यांत दडून राहते. विभक्तिप्रत्यय लागला की दोन्ही लिंगांचे सामान्यरूप ‘गावा-’ असे एकच होते. ‘गावाला जातो’, ‘गावात राहतो’, ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’, ‘बारा गावचे पाणी प्यालेला’ यांपैकी कशातूनही लिंग कळत नाही. निबंधाच्या विषयातल्या ‘माझ्या गावातील’ या शब्दांतही ते कळत नाही. लिंग उघडे पडते ते ‘गाव’ प्रथमेत येतो तेव्हा, म्हणजे त्याच्या विशेषणात, क्रियापदात आणि अनेकवचनात : चार गाव हिंडलो, किंवा चार गावे हिंडलो.

येथे ‘आवडणे’ या क्रियापदाकडे थोडे थांबून पाहावे असे मला वाटते, कारण मुलीच्या निबंधाचा विषयच आवडीनिवडीचा होता. मराठीत ज्याला आवडते तो चतुर्थीत जातो आणि जे आवडते ते प्रथमेत उभे राहते; क्रियापद त्याच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते. मला पाऊस आवडतो, मला नदी आवडते, मला आंबे आवडतात. म्हणून ‘मी गावावर प्रेम करतो’ असे लिहिणाऱ्याला लिंगाचा निर्णय करावाच लागत नाही, पण ‘मला माझा गाव आवडतो’ किंवा ‘मला माझे गाव आवडते’ यांतले एक निवडल्यावाचून आपल्या गावाविषयीची आवड साध्या मराठीत सांगता येत नाही. सहावीतल्या मुलीने ती निवड केली आणि, मी पुढे दाखवतो त्याप्रमाणे, फार चांगली केली.

शब्दाच्या मुळाशी गेल्यास संस्कृत ‘ग्राम’ हा शब्द पुल्लिंगी आहे. नाम-नाव, आमलक-आवळा, कोमल-कोवळा यांत मधल्या ‘म’चा जसा ‘व’ झाला, तसाच प्राकृतातल्या ‘गाम’चा ‘गाव’ झाला, आणि गेलेल्या ‘म’ची खूण म्हणून नाकातला उच्चार मागे राहिला. मराठीत ही खूण ‘गांव’ अशी अनुस्वाराने लिहीत असत. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुस्वार काढून टाकले, पण कोकणीत ‘गांव’ हे लेखन आणि तो उच्चार दोन्ही आजही नांदत आहेत. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ‘ग्राम’ या शब्दाचा जुना अर्थ जागा हा नाही, समूह हा आहे. ‘इंद्रियग्राम’ म्हणजे इंद्रियांचा समुदाय, ‘गुणग्राम’ म्हणजे गुणांचा समुदाय. संगीतशास्त्रातले षड्जग्राम आणि मध्यमग्राम हे स्वरांचे समूह. ‘संग्राम’ हा शब्दही समूहांच्या एकत्र येण्यातून लढाईच्या अर्थाला पोहोचला. आधी माणसांचा मेळा ‘ग्राम’ होता, तो जेथे स्थिरावला त्या जागेला ते नाव नंतर मिळाले.

बोलणाऱ्याच्या मनात या दोन अर्थांपैकी कोणता अर्थ आहे त्याप्रमाणे मराठीत ‘गाव’चे लिंग पुष्कळदा बदलते, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. हा व्याकरणाचा नियम नाही, कल आहे, आणि प्रदेशाप्रमाणे त्याला अपवादही भरपूर आहेत. तरी बघा : गाव डोंगराच्या कुशीत वसले आहे, गाव पावसात हिरवे होते, गाव तालुक्याहून दूर आहे. यांत माती, पाणी, घरे, अंतर मनात आहे आणि नपुंसकलिंग सहज येते. उलट सगळा गाव गोळा झाला, अख्खा गाव जेवला, गाव हसला, गाव रुसला. यांत माणसे आहेत आणि पुल्लिंग सहज येते. ‘गाव करी ते राव न करी’ या म्हणीतला गाव करणारा आहे, राजाला जमत नाही ते करून दाखवणारा आहे. ‘सारा गाव मामाचा, एक नाही कामाचा’ ही म्हण काही ठिकाणी ‘सारं गाव मामाचं’ अशीही ऐकू येते, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी याला नियम म्हणत नाही.

माझ्या घरचा एक प्रसंग येथे सांगतो. जून महिन्यातल्या एका रात्री वाऱ्याने आमच्या परसातले जांभळाचे झाड स्वयंपाकघराच्या छपरावर कोसळले. वीज गेलेली होती, कौले फुटून पाणी आत येत होते. कुणाला हाक मारण्याआधीच टॉर्च आणि कोयते घेऊन माणसे आली, एकाने करवत आणली, एकाने घरातली ताडपत्री आणली, आणि उजाडेपर्यंत फांद्या तोडून छप्पर झाकून झाले होते. त्या पहाटे आमच्या अंगणात ‘सगळा गाव’ उभा होता. ‘सगळे गाव अंगणात उभे होते’ असे मी लिहिले तर घरे, माड आणि देऊळ चालत आल्यासारखे वाटते. पंधरा दिवसांनी नवे छप्पर झाले, तेव्हा त्याच गावाने त्याला किती खर्च आला, पैसे कोठून आणले, धाकट्या भावाने किती दिले आणि का दिले नाहीत, याची देवळाच्या पायऱ्यांवर आठवडाभर चर्चा केली. ती चर्चा मला आवडली नाही. पण रात्री धावून आलेला गाव आणि पायऱ्यांवर बसलेला गाव एकच होता, आणि तोही पुल्लिंगीच होता. या मुलीने तिसऱ्या वाक्यात ‘गाव डोकावतो’ असे लिहिले आहे ते याच अनुभवाने लिहिले असणार. तिच्या आवडीचे कारण आणि नावडीचे कारण गावातली माणसे आहेत, रस्ता किंवा पाणीपुरवठा नाही. म्हणून तिच्या लेखणीतून ‘माझा गाव’ आला.

दोन लिंगांतले हे अंतर गोव्यात कोठे स्पष्ट पाहायचे असेल तर सांगे तालुक्यातल्या कुर्डीचे उदाहरण घ्यावे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे जन्मस्थान. साळावली धरणाच्या कामासाठी कुर्डीच्या लोकांचे पुनर्वसन झाले आणि १९८०च्या दशकात कुर्डी पाण्याखाली गेली. दरवर्षी उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की घरांची जोती, वाटा आणि सोमेश्वराचे देऊळ वर येते, आणि मे महिन्यात इतरत्र राहायला गेलेली कुटुंबे त्या देवळापाशी उत्सवाला जमतात. आता हे मराठीत कसे सांगाल? ‘गाव पाण्याखाली गेले, पण गाव अजून दरवर्षी देवापाशी जमतो.’ या एका वाक्यात ‘गाव’ दोनदा आला आहे, दोन लिंगांत आला आहे, आणि दोन्ही ठिकाणी तो बरोबर आहे. पहिल्याच्या जागी ‘गाव गेला’ म्हटले तर माणसेच बुडाल्याचा भास होईल.

मार्दोळचेही तसेच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीच्या छळामुळे वेर्णे येथून म्हाळसा देवी फोंडा महालात आणली गेली, तेव्हा वेर्ण्यातल्या ज्या जागी ती होती तिचे मार्दोळ हे नावही माणसांबरोबर आले. वेर्ण्याची ती जागा आज जुने मार्दोळ म्हणून ओळखतात. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला. चारशे वर्षांहून अधिक काळ दुसरीकडे राहणारी घराणी आजही ‘आमचा मूळ गाव केळशी’ असे सांगतात. तेथे त्यांचे घर नाही, शेत नाही. गावाशी नाते तेवढे आहे.

आता कोकणीच्या प्रभावाविषयी. कोकणीत ‘म्हजो गांव’ असेच म्हणतात, हे खरे आहे, आणि घरी कोकणी बोलून शाळेत मराठी लिहिणाऱ्या मुलांना पुल्लिंग अधिक सवयीचे असते, हेही खरे आहे. परंतु दोन भाषांत एक गोष्ट सारखी आढळली म्हणजे ती एकीने दुसरीकडून उचललीच, असे होत नाही. येथे दोघींना ती ‘ग्राम’कडून वारशाने मिळाली आहे. खरा प्रभाव कसा असतो ते पाहायचे असेल तर गोव्याच्या नावाकडे पाहावे. कोकणीत ‘आमचें गोंय’ हे नपुंसकलिंगी आहे आणि मराठीत ‘आमचा गोवा’ हा पुल्लिंगी आहे. एखाद्या मुलाने मराठीत ‘आमचे गोवा’ लिहिले, किंवा कोकणीत लहान मुलीसाठी नपुंसकलिंग वापरतात म्हणून ‘माझी धाकटी बहीण शाळेतून आले’ असे लिहिले, तर तेथे शेरा योग्य आहे. ‘माझा गाव’ या शब्दांवर तो अन्यायाचा आहे. मुलाला त्याच्या घरची भाषा मराठीतल्या चुकीचे कारण म्हणून दाखवण्याआधी ती चूक खरोखरच चूक आहे का, हे दोनदा पाहावे, इतकी अपेक्षा मी आदरपूर्वक व्यक्त करतो.

ताईंनी आणखी एक शब्द विचारला आहे. मुलीने आवडत्या गोष्टींत ‘गावठी भाजी’ लिहिली होती, ती बदलून ‘गावाकडील भाजी’ करण्यात आली, कारण ‘गावठी’ हा शब्द हिणकस आहे असे सांगण्यात आले. माणसाला लावला तर तो हिणकस आहे, यात वाद नाही. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणाही विक्रेतीला विचारा. गावठी मिरची, गावठी अंडी, गावठी कोंबडा, गावठी उकडे तांदूळ असे म्हटले की भाव वर जातो, आणि गिऱ्हाईक खात्री करून घेण्यासाठी तोच शब्द पुन्हा उच्चारते. तेथे ‘गावठी’ म्हणजे आपल्या मातीतले, ओळखीच्या हाताने पिकवलेले. ‘गावाकडील’ या शब्दाला हा अर्थ नाही, ‘गावरान’ बराच जवळ येतो. गावाविषयीचा जिव्हाळा आणि गावाविषयीची तुच्छता एकाच शब्दात राहू शकतात. कोणती घ्यायची ते पुढचे नाम ठरवते. ‘गावठी भाजी’ ठेवावी.

जाता जाता ‘गावकरी’ आणि ‘गांवकार’ यांतला फरकही सांगून ठेवतो, कारण गोव्यातल्या मराठी लेखनात त्यांची सरमिसळ होते. गावात राहणारा कुणीही गावकरी. गांवकार मात्र गाव वसवणाऱ्या घराण्यांतला. गांवकारी, जिला पोर्तुगीज काळापासून कोमुनिदाद म्हणतात, तिच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातून त्याला ‘झोण’ म्हणजे वार्षिक वाटा मिळतो. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ साली या रूढींची सनद तयार केली, त्याही आधीपासून त्या चालत आल्या होत्या. म्हणून ‘गांवकारांनी ग्रामसभेत रस्त्याला विरोध केला’ असे लिहिताना, विरोध करणारे सगळेच गांवकार होते का, हे पाहावे.

राहिला वहीतला एक बारकावा. एका निबंधात एकच लिंग ठेवावे हा शिक्षकांचा आग्रह योग्य आहे; कुर्डीच्या वाक्यासारखा मुद्दाम केलेला बदल वेगळा, पण ‘माझा गाव लहान आहे, ते नदीकाठी आहे’ ही सरमिसळ टाळलीच पाहिजे. मुलीच्या तिसऱ्या वाक्यातले ‘ते’ पाहून तिने लिंग बदलले असे वाटण्याचा संभव आहे. तसे झालेले नाही. ‘गाव सगळ्यांच्या घरात डोकावतो, ते मला आवडत नाही’ यातले ‘ते’ गावासाठी आलेले नाही, डोकावण्यासाठी आले आहे, आणि मराठीत आख्ख्या वाक्याकडे बोट दाखवणारे सर्वनाम नपुंसकलिंगीच असते. तेथे ‘तो मला आवडत नाही’ असे केले असते तर तिला गावच आवडत नाही असा अर्थ झाला असता. तिची तिन्ही वाक्ये होती तशीच शुद्ध आहेत, आणि ती पुन्हा तशीच लिहून घ्यावीत.