शुगर फ्री, पण कशाऐवजी?

“मॅडम, सोडलं मी ते. कॅन्सर होतो म्हणे त्यानं.” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच काकांनी सांगून टाकलं. ‘ते’ म्हणजे दुपारच्या जेवणानंतरचा डाएट कोलाचा एक कॅन. वय 58, टाइप 2 मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू. कॅन्सरचा मेसेज काकूंच्या मोबाईलवर आला होता आणि त्या दिवसापासून घरात कॅन बंद.

डॉक्टरांनी त्यांना आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे पाठवलं होतं ते मात्र निराळ्या कारणानं. दोन महिन्यांत जेवणानंतरची साखर 170-180 वरून 250 च्या पुढे गेली होती. गोळ्या त्याच, जेवण तेच, चालणंही सुटलं नव्हतं.

“कोला सोडलात, मग त्या वेळी आता काय घेता?”

“फळांचा रस,” काकू म्हणाल्या. “साखर न घातलेला. पौष्टिक.”

पुढच्या भेटीला ती बाटली घेऊन यायला सांगितलं. समोर ठळक अक्षरांत ‘साखर घातलेली नाही’. ते खरंच होतं. बाटली फिरवून मागचा बारीक तक्ता काकांनाच वाचायला दिला. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि वाचलं: 100 मिलिलिटरला शर्करा 11 ग्रॅम. रोजचा पेला केवढा असतो, हे पाण्यानं मोजून पाहिलं तर 300 मिलिलिटर भरला. म्हणजे 33 ग्रॅम. मी डब्यातली साखर चमच्याचमच्यानं बशीत काढत गेले. साडेसहा चमचे झाले. काकू बशीकडे बघतच राहिल्या. “मीच ओतून देत होते हो रोज,” म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. त्यांना मी मनापासून सांगितलं, यात तुमचं काही चुकलं नाही. वरून घातलेली नसली तरी फळातली साखर रसात असतेच आणि चोथा निघून गेल्यामुळे ती रक्तात भराभर उतरते. बाटलीच्या पुढच्या बाजूला हे कोणी लिहीत नाही.

आता कॅन्सरचं. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ॲस्पार्टेमला, म्हणजे डाएट कोलात साखरेऐवजी असलेल्या गोडव्याला, ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. या गटाचा अर्थ एवढाच, की पुरावा मर्यादित आहे, शंका पूर्ण फिटलेली नाही. त्याच वेळी तज्ज्ञांच्या दुसऱ्या समितीनं रोजची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या दर किलोला 40 मिलिग्रॅम. काकांचं वजन 70 किलो, म्हणजे 2800 मिलिग्रॅम. एका कॅनमध्ये साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम धरलं, तर मर्यादा गाठायला दिवसाला साधारण 9 ते 14 कॅन लागतील. काका घेत होते एक. (फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र ॲस्पार्टेम टाळायचंच.)

त्याच वर्षी मे महिन्यात, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे गोडवे वापरू नका, अशीही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आली होती. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही, हे त्यातच लिहिलेलं होतं. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी ते वाक्य गाळलं.

म्हणून ‘शुगर फ्री चालतं का?’ असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, कशाऐवजी? साखरेच्या कोल्याऐवजी असेल तर रक्तातल्या साखरेचा फायदा उघड आहे. पाण्याऐवजी असेल तर फायदा काहीच नाही, वर त्यातल्या आम्लानं दात झिजतात ते वेगळंच. आणि शुगर फ्री बिस्किटांत मैदा असतोच, शिवाय माल्टिटॉलसारखा गोडवा असेल तर तोही रक्तातली साखर थोडी वाढवतो.

उठता उठता काका सहज बोलून गेले आणि माझ्या पोटात धस्स झालं. काही महिन्यांपूर्वी जेवण लांबलं, हात थरथरायला लागले, घाम फुटला. गोड काहीतरी हवं म्हणून त्यांनी फ्रीजमधला डाएट कोलाच प्यायला! अर्थात काही उपयोग झाला नाही. मुलीनं पाण्यात साखर ढवळून पाजली तेव्हा ते सावरले. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अशी उतरू शकते. 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर परत तेवढीच घ्यायची. अशा वेळी शुगर फ्री पेय म्हणजे नुसतं रंगीत पाणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना. हे दोघांकडूनही मी दोनदा वदवून घेतलं. डॉक्टरांनाही त्याच दिवशी कळवलं.

महिन्याभरानं काका वही घेऊन आले. रस बंद, आठवड्यातून दोन-तीन कॅन, एरवी पाणी. जेवणानंतर दोन तासांनी 174, 168, एकदा 181. काकूंनी पर्समधून ग्लुकोजची डबी काढून दाखवली. वर पांढरी पट्टी चिकटवून त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, “हात थरथरले की हे. कोला नाही.”