कंपाउंडच्या भिंतीवर पसरलेली फायकसची वेल कायमची कशी काढावी?

हिरवी वेल ओढू नका. आधी जमिनीपासून वीतभर उंचीवर सगळी खोडं कापा, वरचा भाग पूर्ण वाळू द्या आणि मगच सोलून काढा. ही वेल (फायकस प्युमिला) वड-पिंपळाच्या कुळातली. तिची बारीक मुळं चिकट द्रव सोडून भिंतीला घट्ट धरतात, त्यामुळे ताजी ओढली की रंगाबरोबर गिलावाही निघून येतो. उरलेले तंतू तारेच्या ब्रशने घासावे लागतात. खरं काम मात्र खालीच आहे: बुंधा मुळांसकट खणून काढा, नाहीतर पावसात पुन्हा फुटेल. नवे कोंब दिसताच खुडा. चिकाने खाज सुटते, म्हणून हातमोजे हवेतच. जाड खोड भेगेत शिरलं असेल तर उपटण्याआधी गवंड्याला दाखवा.