मुलगी शिकायला जर्मनीला निघाली आहे. सोबत काय द्यावं आणि मागाहून पार्सलने काय पाठवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलीचं सत्र ऑक्टोबरला सुरू होतंय, दोन बॅगांत सगळं मावत नाही, आणि घरातला प्रत्येक जण यादीत एकेक वस्तू वाढवतोय. आमची लेकही जर्मनीतच आहे, धाकटी बहीण दुबईला. लालबागच्या आमच्या घरातून दोन्हीकडे खोकी जातच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती यादी बाजूला ठेवा आणि मुलीला एवढंच विचारा, की संध्याकाळी दमून खोलीवर आल्यावर तू काय रांधून खाशील? जे उत्तर येईल ते पहिल्या बॅगेत. आमची लेक म्हणाली, कुळथाचं पिठलं आणि भात. मग कुळथाचं पीठ, आमसुलं, गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी एवढं दिलं, आणि ते सगळं संपलं. तांदूळ, तूरडाळ, बेसन, कणीक, मॅगी, पार्ले-जी, हे सारं तिथल्या भारतीय किंवा आशियाई दुकानांत मिळतं. थोडं महाग पडतं, पण कुरिअरचा किलोचा दर बघितलात तर इथून डाळ पाठवणं कधीच परवडणार नाही. आपल्या घरची चव ज्यात आहे आणि जे तिथे कुठल्याही दुकानात मिळत नाही, तेवढ्यासाठीच बॅगेतली जागा राखून ठेवा.

मसाल्याचं मी मुद्दाम सांगते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये मिरची उन्हात वाळवून डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, मसाला कुटून घेतात, आणि त्यातलाच वर्षाचा वाटा लेकीसाठी वेगळा काढते. तुमच्याकडे उन्हाळ्यातला केलेला असेल तर तोच द्या. सप्टेंबरात मुंबईची हवा दमट असते, तेव्हा घाईने केलेला मसाला किंवा भाजणी पिशवीत लवकर ओल धरते. भाजणी चांगली खमंग भाजून, पूर्ण गार करून, मगच दळायला द्या. दळून आल्यावरही पीठ गरम असतं, ते पसरून निवू द्या आणि मग पिशव्या भरा. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या कराव्यात, म्हणजे एक फोडली तरी बाकीच्या तशाच राहतात. दादर-लालबागला बरेच दुकानदार हवा काढून पिशवी बंद करून देतात. पिठं-मसाल्यांना ते उत्तम, चकलीला मात्र नाही, तिचा चुरा होतो. चकली, कडबोळी, शंकरपाळे कडक डब्यात, मधल्या फटीत कागद कोंबून.

आता कुरिअरचा हिशोब, कारण बहुतेकांना तो काउंटरवर पोचल्यावरच कळतो. कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचं आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा 5000 ने भागायचं. 40 बाय 30 बाय 30 चं खोकं म्हणजे 7.2 किलो. आत चार किलोचा चिवडा असला तरी पैसे 7.2 चे. म्हणजे चिवडा, पोह्याचे पापड, कुरडया हा फुगीर माल महागात जातो आणि मसाला, मेतकूट हा ठासून भरता येणारा माल स्वस्तात. दिवाळीचा फराळ पाठवायचाच असतो, पाठवाही, पण चिवड्याच्या पिशव्यांमधल्या फटी मसाल्याच्या पुड्यांनी भरा. त्याच आकारात दुप्पट सामान जातं.

काय पाठवू नये हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला वा टपालाने मागवायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, तुपाची बरणी, काहीही नाही. तुपासाठी जीव तुटतो हे मला माहीत आहे. पण तिथे उत्तम लोणी मिळतं, ते कढवून तूप करायला मुलीला निघण्याआधी शिकवा. ताजी कढीलिंबाची पानं किंवा आंबेही वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. औषधं जर्मनीत टपालाने मागवता येत नाहीत, पण प्रवासात स्वतःच्या गरजेपुरती सोबत नेता येतात, तेव्हा ती डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आत्ताच द्या. कापूर विमानात अजिबात नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत घालू नका. त्यात तेल इतकं असतं की पेट घेऊ शकणाऱ्या मालात त्यांची गणना होते आणि विमानतळावर बॅग उघडावी लागते. लोणचं उलट चेक-इनमध्येच द्या, कारण हातातल्या बॅगेत पातळ पदार्थांना असलेला 100 मिलीचा नियम त्यालाही लागतो. आणि आखातात कोणी असेल तर खसखस पाठवू नका. अमिरातीत ती बंदी घातलेल्या पदार्थांत मोडते. बहिणीसाठी मी अनारसे खसखशीशिवायच करते आणि मसाल्यातूनही ती वगळते.

सामानाचं थोडक्यात सांगते. जाड जॅकेट आणि बूट तिथे घेऊ द्या, आपल्या बाजारातलं जॅकेट तिथल्या थंडीला पुरत नाही. उशीचे अभ्रे देऊ नका, जर्मन उशी 80 बाय 80 ची चौकोनी असते, आपले अभ्रे तिला बसत नाहीत. चष्म्याची जादा जोडी मात्र नक्की, इथे ती खूपच स्वस्त पडते. कुकर द्यायचा तर छोटा, स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा, सोबत एक जादा गास्केट. साध्या ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. मिक्सर चालतो, तिथेही 230 व्होल्टच आहेत, फक्त पिनसाठी अडॅप्टर लागतो. (अमेरिकेत 120 व्होल्ट, तिकडे आपला मिक्सर पाठवू नये.) गुणपत्रिका आणि पदवीची मूळ कागदपत्रं हातातल्या बॅगेत, कधीही कुरिअरने नाही.

आणि एक वस्तू तिला तिच्या मर्जीने घेऊ द्या, कितीही बिनकामाची वाटली तरी. आमची पितळेचं निरांजन घेऊन गेली. मी वजनाचा विचार करत होते, पण परक्या खोलीत आपलं म्हणावं असं काही नजरेसमोर लागतं. त्यात मोडता घालू नये.

पार्सलवर काय लिहायचं, तर मोघम 'फूड आयटम्स' असं लिहू नका. एकेक पदार्थ, वजन, किंमत इंग्रजीत सरळ लिहा: राईस फ्लेक्स स्नॅक, स्पाइस पावडर, नो मिल्क. मजकूर मोघम असला की खोकं कस्टममध्ये अडकतं आणि मुलीला तिकडच्या कार्यालयात जाऊन ते उघडून दाखवावं लागतं. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली भेट 45 युरोपर्यंत असली तर कर लागत नाही, त्यापुढे कर आणि वर हाताळणीचे पैसे. म्हणून एका मोठ्या खोक्यापेक्षा महिन्या-दोन महिन्यांनी एकेक छोटं बरं. खरी किंमतच लिहा, कमी दाखवू नका.

घाई नसेल तर टपाल खात्याचं आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट बघा, माझ्या अनुभवात ते खासगी कुरिअरपेक्षा स्वस्त पडलंय. दिवाळीचं खोकं असेल तर तीनेक आठवडे आधी द्या, तेव्हा सगळीकडे गर्दी असते.

पहिलं पार्सल मुलगी कायमच्या पत्त्यावर राहायला गेल्यावरच पाठवा. जर्मनीत दाराच्या घंटेवर आणि टपालपेटीवर आडनाव असतं, आणि डिलिव्हरीवाला ते बघूनच सामान देतो. नाव नसेल तर खोकं परत फिरतं. मैत्रिणीच्या खोलीत तात्पुरती राहत असेल तर पत्त्यात मैत्रिणीच्या आडनावाआधी 'हिच्याकडे' या अर्थाने जर्मनमध्ये 'bei' (उच्चार 'बाय') लिहितात; ते आणि मैत्रिणीचं आडनाव पत्त्यात घालायला सांगा, आणि मुलीचा तिथला फोन नंबर खोक्यावर ठळक लिहा.