पहिली रायफल घेतोयस तर
अरे आधी लायसन हातात येऊदे मग बंदूक बघ, आणि हौशी शिकारीचं खूळ डोक्यातनं काढ, १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, डुकरांनी बाग उकरली तरी वनखात्याची परवानगी लागतेच. स्वस्तात बोल्ट अ‍ॅक्शन (बोल्ट, म्हणजे मागचा दांडा, हाताने मागेपुढे ओढून दर बाराला गोळी भरायची ती) म्हणजे सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची, सेकंडहँड मिळत असेल तर गोळ्यांचं मॅगझिन रिकामं कर, बोल्ट बाहेर काढ नि नळी उजेडाकडे धरून आत बघ, आतले पिळाचे आटे झिजलेत, खड्डे पडलेत असं दिसलं तर फुकट दिली तरी नको. स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, कशाला रे, आपल्या करवंदीच्या जाळीत लांबचं दिसतंय काय? त्यापेक्षा दस्त्याला रबरी पॅड बसव, खांदा दुवा देईल. पावसात कव्हरात कोंबून ठेवू नको, खारा वारा नि दमट कापड, गणपतीपर्यंत गंज चढलाच, नळीत तेलाचा बोळा फिरव, फक्त बार काढायच्या आधी ते तेल पुसून घे.