दूध अचानक कमी झालं, आता काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी फोंड्याला राहते, वेर्ण्याला एका फार्मा कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. मुलगा साडेचार महिन्यांचा झालाय. माझी सुट्टी बाळंतपणाआधीच दोन महिने सुरू झाली होती त्यामुळे २६ आठवडे कधी संपले कळलंच नाही, गणेशचवथीच्या जरा आधी जॉइन झाले. तोपर्यंत बाळ फक्त माझ्याच दुधावर होता आणि दूध इतकं होतं की कपडे भिजायचे. आता गेल्या आठ-दहा दिवसांत एकदम कमी झालंय, पंपवर एका वेळी सव्वाशे मिली निघायचं ते चाळीसवर आलं, कधी तेवढंही नाही. चवथीला घर भरलेलं, बाळ सगळ्यांच्या हातात, मी नेवऱ्या आणि पातोळ्यांत, त्यात जबरदस्त सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या. तेव्हापासून सासूबाई रात्री त्याला पावडरची बाटली देतात, मला झोप मिळावी म्हणून, त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण आता तो माझ्याजवळ आला की दोन मिनिटांत सोडतो आणि रडतो. सगळे म्हणतात दूध आटलं. शेजारची काकी म्हणते मोरी मासा खा, आई मेथीचे लाडू आणि अळिवाची खीर पाठवते, सगळं खाते पण काही फरक नाही. काल ऑफिसच्या टॉयलेटमध्ये पंप लावून बसले होते आणि रडू आलं. पाजणं बंदच करू का? खरं काय ते सांगा.

उत्तर: नको गं, निदान या आठवड्यात तरी हा निर्णय घेऊ नकोस. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला त्यात दूध आटलेलं कुठेच दिसलं नाही, मला दिसलं ते एवढंच की पंधरा-वीस दिवसांत दूध कमी करणाऱ्या चार गोष्टी एकदम एकत्र आल्या. त्यातली प्रत्येक गोष्ट मागे फिरवता येते.

आधी दूध बनतं कसं ते बघू, कारण ते कळलं की अर्धी भीती जाते. सुरुवातीच्या दिवसांत हार्मोन्सच्या जोरावर दूध येतं, तेव्हा कपडे भिजतात, छाती जड होते. नंतर शरीर हिशोब लावतं, जेवढं बाहेर काढलं जातं तेवढंच पुन्हा बनतं. स्तनात दूध साठून राहिलं की त्या दुधातलाच एक घटक पुढचं दूध बनणं हळू करतो. म्हणजे चवथीच्या गडबडीत बाळ मामा-मावशीकडे फिरत राहिला, दुपारचं एक पाजणं चुकलं, संध्याकाळचं लांबलं, असं पाच-सहा दिवस झालं की शरीराला वाटतं याला आता कमी लागतंय. त्यावर रात्रीची बाटली आली. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, दूध बनवणारं हार्मोन तेच, म्हणून रात्रीचं पाजणं गेलं की फटका मोठा बसतो. सासूबाईंनी प्रेमाने केलं हे मला पटतं, त्यांना दोष देऊ नकोस, पण रात्रीचं एक तरी पाजणं तुझ्याकडे परत घे. त्यांना दुसरं काम दे, पहाटे बाळ पिऊन झाला की त्यांनी त्याला घेऊन जावं आणि तू दोन तास सलग झोपावंस, झोपही मिळेल आणि दूधही राहील.

आता सर्दीच्या गोळ्या. त्याची स्ट्रिप अजून घरात असेल तर मागचं बारीक अक्षर वाच. स्यूडोएफेड्रिन लिहिलं असेल तर एक मोठं कारण तिथेच सापडलं. नाक मोकळं करणाऱ्या या औषधाने दूध कमी होतं, अगदी एका डोसनेही होऊ शकतं. अशा गोळ्यांत बऱ्याचदा दोन-तीन औषधं एकत्र असतात त्यामुळे आपल्याला कळतही नाही. पुढच्या वेळी सर्दी झाली तर वाफ घे, मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात ते वापर, अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल चालते आणि मेडिकलवाल्याला आधीच सांग की मी बाळाला पाजते.

गर्भनिरोधक गोळी सुरू केली आहेस का ते तू लिहिलं नाहीस, पण विचारते. माला-डीसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, त्याने दूध कमी होतं, तसं असेल तर डॉक्टरांना विचारून बदलून घे, तांबी आहे, छाया गोळी आहे, त्यांत हा प्रश्न येत नाही. पाळी परत आली असेल तर पाळीच्या आधी काही दिवस दूध थोडं कमी वाटतं आणि नंतर आपोआप सुधारतं. आणि एक नाजूक गोष्ट, पाजत असताना दिवस जात नाहीत यावर विसंबू नकोस, ते फक्त सहा महिन्यांच्या आत, पाळी आलेली नसताना आणि दिवसरात्र पूर्ण अंगावर पाजत असतानाच बऱ्यापैकी खरं असतं, बाटली आली की तो भरवसा गेला. शंका असेल तर घरी टेस्ट करून बघ, दूध अचानक उतरण्याचं तेही एक कारण असतं.

पंपचं म्हणशील तर पंपवर किती निघालं यावरून तुझ्या अंगात किती दूध आहे हे ठरत नाही, बाळ पंपपेक्षा खूप चांगलं ओढतं. शिवाय पंपही थकतो. त्यातला तो छोटा रबरी व्हॉल्व्ह रोजच्या वापराने काही आठवड्यांत सैल पडतो, ओढ कमी होते आणि बाई समजते आपलंच दूध गेलं. आधी व्हॉल्व्ह बदल, मग स्वतःला बोल लाव. छातीला लावायची जी वाटी असते ती मापाची आहे का बघ, आत निपल घासत असेल किंवा दुखत असेल तर माप चुकलंय.

आता कामाला लागू. येत्या शनिवार-रविवारी घरातलं काही करू नकोस, हे घरच्यांना सांग, माझं नाव सांग हवं तर. बाळाला फक्त लंगोट घालून उघड्या छातीशी घेऊन पडून राहा आणि तो मागेल तेव्हा, नाही मागितलं तरी दर दोन तासांनी पाज, दोन्ही बाजू, आणि ओढणं हळू झालं की हाताने हलकं दाबून दे म्हणजे त्याला धार मिळते आणि तो सोडून रडणार नाही. बाटलीची धार लगेच येते ना, तिची त्याला सवय झालीय, म्हणून तो दोन मिनिटांत कंटाळतो. बाटली द्यायचीच असेल तर ती आडवी धरून, मधे मधे थांबत थांबत द्यावी. चोवीस तासांत आठ ते दहा वेळा दूध बाहेर निघायला हवं, पाजून असो, पंपने असो की हाताने. दिवसातून एकदा, शक्यतो संध्याकाळी, तासभर असं कर: वीस मिनिटं पंप, दहा मिनिटं आराम, दहा पंप, दहा आराम, पुन्हा दहा पंप. त्या वेळी फारसं काही निघणार नाही, थेंबच येतील, त्याने नाराज होऊ नकोस, तो शरीराला दिलेला निरोप असतो आणि त्याचं उत्तर यायला साधारण तीन दिवस ते आठवडा लागतो, कोणाला दोन आठवडे.

पावडर एकदम बंद करू नकोस हां, बाळ उपाशी ठेवून दूध वाढत नाही. आणि पावडर पातळ करून तर कधीच द्यायची नाही, डब्यावर लिहिलंय तेच माप. तुझं वाढेल तसं बाटलीतलं थोडं थोडं कमी कर आणि दर आठवड्याला वजन बघ, अंगणवाडीत किंवा हेल्थ सेंटरला, पण काटा दरवेळी तोच असू दे. या वयात आठवड्याला साधारण १०० ते १५० ग्रॅम वाढलं आणि दिवसात सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले झाले, लघवी फिकट असली, तर बाळाला पुरतंय. लंगोट कमी ओले होतायत, लघवी गडद पिवळी, बाळ सुस्त, टाळू आत गेल्यासारखी दिसतेय असं काही वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर, मग बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल असो नाहीतर जवळचं हेल्थ सेंटर.

टॉयलेटमध्ये पंप करणं मात्र बंद कर. तुझं पत्र वाचताना सगळ्यात जास्त वाईट मला त्याचं वाटलं. बाळाचं अन्न आहे ते. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत, नेहमीच्या सुट्टीशिवाय, दोन ब्रेक मिळण्याचा हक्क १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे, आणि ५० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे पाळणाघराची सोय असायला हवी हे २०१७ च्या दुरुस्तीत आलं. एचआरला लेखी मेल कर, कडी असलेली एक खोली, एक खुर्ची, एक प्लग एवढंच माग, दिवसात तीन वेळा पंप झालं पाहिजे. पंप करताना फोनवर बाळाचा व्हिडिओ बघ, त्याचं झबलं जवळ ठेव, मन शांत असलं की दूध सुटतं, घाबरलं की आत असूनही सुटत नाही, काल तुझं तेच झालं असणार. काढलेलं दूध आपल्या उकाड्यात बाहेर ठेवू नकोस, लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पॅकच्या डब्यात. फ्रिजच्या आतल्या बाजूला ते चार दिवस राहतं पण पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून मी एक-दोन दिवसांतच संपवायला सांगते.

खाण्याचं बोलायचं तर लाडू, खीर, नाचणीचं तिझन, पेज सगळं खुशाल खा, या दिवसांत रोज ५००-६०० कॅलरी जास्त लागतात आणि आईच्या हातचं खाऊन बरंही वाटतं. पण नुसत्या लाडवाने दूध वाढत नाही, रिकामं झाल्यावर वाढतं. थायरॉइडच्या किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर मेथी जास्त खाण्याआधी डॉक्टरांना विचार. मोरी मात्र नको. काकींना वाईट वाटू नये पण मोरी म्हणजे शार्कच, मोठा मासा, त्यात पारा साठतो आणि पाजणाऱ्या बाईने तो टाळावा. त्यापेक्षा मुडदुशी, तारली, बांगडे खा. पाणी तहान लागेल तेवढं, तांबेच्या तांबे पिऊन काही जास्त होत नाही.

एवढं सगळं दोन आठवडे नीट करूनही हललं नाही तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे, बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतो आणि केस गळणं, धडधड, थकवा हे सगळं आपण जागरणावर ढकलतो. दूध वाढवायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नकोस. आणि शेवटी थोडी पावडर राहिलीच तरी जेवढं तुझं जातंय तेवढं जाऊ दे, अर्धं पाजणं हेही पाजणंच आहे.

प्रश्न: मी वाळपईची. मुलगी बाळंतपणाला माहेरी आलीय, नात सात आठवड्यांची. मुलीची छाती परवापासून एकदम मऊ पडली, आधी दूध गळायचं ते थांबलं. नात संध्याकाळी सहापासून दहापर्यंत सारखी पितच असते, सोडलं की रडते. दूध पुरत नाही असं वाटून साखरपाणी द्यावं का? आमच्या वेळी द्यायचे.

उत्तर: काकी, साखरपाणी नको, मधही नको, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, पोट त्यानेच भरतं आणि बाळ दूध कमी पितं. मुलीचं दूध गेलेलं नाही. सहा ते बारा आठवड्यांत छाती मऊ होते आणि गळणं थांबतं कारण बाळाला लागतं तेवढंच आता बनायला लागलंय, हे चांगलंच लक्षण आहे. संध्याकाळी सारखं पिणं या वयात खूप बाळं करतात, साधारण सहा आठवड्यांच्या सुमारास वाढीचा जोर असतो, ती पिऊन पिऊन आईचं दूध वाढवून घेते. तिचे लंगोट मोजा, सहा ओले असले आणि आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वजन वाढलं तर काहीही करू नका. त्या चार तासांत मुलीला उठायला लावू नका, पेज तिथेच नेऊन द्या, आणि कोणी पाहुणी येऊन "दूध पातळ दिसतं" म्हणाली तर तुम्हीच तिला थांबवा, मुलीला बोलावं लागू नये. छातीत गाठ लागली, लाल झालं, ताप आला तर मात्र थांबू नका, पाजत राहायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.