टाकीवर मिठाचा पोत: फोड कशानं आले?

भाऊ, जलरंगात ओल्या रंगावर मीठ टाकलं की चांदण्या उमटतात, त्या तुम्ही एअरब्रशनं, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनासारख्या यंत्रानं, बुलेटच्या टाकीवर आणायला गेलात. चांदण्या धड आल्या नाहीत, आणि वर क्लिअरखाली, म्हणजे शेवटी मारतात त्या पारदर्शक चकाकीच्या थराखाली, बारीक फोड आले. दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

कागद पाणी पितो, पत्रा पीत नाही. त्यात एअरब्रशचा थर इतका पातळ, की खडा पाणी ओढायच्या आत तो वाळतो. आपल्या मे महिन्यात तर 45 अंशांत रंग टाकीला पोचेपर्यंत भुकटी होते. म्हणून मी मीठ उलटं वापरतो, झाकणासारखं. बेसकोट, म्हणजे खालच्या रंगाचा थर, पूर्ण वाळला की त्यावर पाण्याचा बारीक फवारा, त्यावर मीठ. पाणी उडालं की खडे चिकटून बसतात. मग हवेचा दाब कमी ठेवून वरचा रंग मारायचा, वाळला की बोटानं खडे झाडायचे. मीठ खलबत्त्यात अर्धवट कुटा. सगळे खडे सारखे असले की टाकीला गोवर आल्यासारखी दिसते.

खरा ओला डाग हवा असेल तर मीठ सोडाच. टाकी आडवी ठेवा, वॉटरबेस्ड रंगाचा ओला थर द्या आणि कान साफ करायच्या काडीनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडा. रंग दचकून बाजूला पळतो, मध्ये फिकट आणि कडेला गडद कडं राहतं. टाकीच्या उतारावर मात्र सगळं ओघळतं, तिथं हा नाद नको.

आता फोड. क्लिअर कितीही चांगलं असो, दमट हवेतली ओल त्यातून हळूहळू आत झिरपतेच. खाली मीठ राहिलं असेल तर ते ती ओल धरतं आणि फोड उठतो. आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. एका टाकीवर मिठाचा कणही टाकला नव्हता, तरी पावसाळ्यात फोड आले. पंधरा दिवस प्राइमरला, म्हणजे रंगाखालच्या अस्तराला, शिव्या दिल्या. मग एकदा पाणी लावून पॉलिश पेपर मारून हात तसेच वाळू दिले, तर बोटांवर पांढरी पापडी! बोअरच्या पाण्यानंच आम्ही टाकी धूत होतो. तेव्हापासून शेवटची धुलाई बॅटरीत घालतात त्या पाण्यानं, आणि मिठाचं काम असेल तर दोनदा. नंतर एक दिवस वाळवण, मगच क्लिअर. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचं, क्लिअर मारताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, चांगला मास्क घ्या.

तुमच्या टाकीवरच्या एका फोडाला सुई लावून बघा. पाणी निघालं तर मीठ. मग प्राइमरपर्यंत पेपर मारण्यावाचून इलाज नाही. कोरडा निघाला तर बहुतेक क्लिअर जाड पडलं आणि थिनर आत अडकला. फक्त ही सुईची तपासणी दमट दिवसात करा, उन्हात पाण्याचे फोड बसून जातात.